सप्त्याचं उरलेलं तेल

कागद समोरच्या काचेवर चिकटवला होता, ड्रायव्हरच्या बाजूला, वायपरच्या जरा वर. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून प्रज्योत सोसायटीच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याला तो लांबूनच दिसला होता, पण तो आपल्यासाठी असेल असं काही मनात आलं नाही. जवळ गेल्यावर वाचला. सदर वाहन गेले आठ महिने एकाच जागी उभे असून बेवारस आढळल्याने सात दिवसांच्या आत हलवावे, अन्यथा. अन्यथाच्या पुढे नुसती टिंबं होती. खाली सेक्रेटरीची सही. त्याला कमिटीचा राग आला नाही. राग यावा म्हणून तो थोडा वेळ थांबलासुद्धा, बॅग खांद्याला तशीच. कागद लावणाऱ्याच्या नजरेनं त्यानं गाडी पहिल्यांदा पाहिली. बदामाच्या झाडाखाली चाकं बसलेली, चंदेरी पत्र्यावर पाखरांची घाण, आणि पत्र्याच्या खालच्या अंगानं चौफेर फिरणारं ते काळं प्लास्टिक, बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांच्या तळाच्या रुंद पट्ट्या, आरशांच्या पाठी, सगळं पांढुरकं पडलेलं, विझल्या चुलीसारखं. अलिबागच्या वाऱ्यात मीठ असतं, उन्हाचं तर विचारूच नका, ते एक वेळ ठीक. पण त्या पांढुरक्यावर जागोजागी तपकिरी, चिकट खपल्या धरल्या होत्या आणि खपल्यांत धूळ, मेलेल्या मुंग्या, कुत्र्याचे केस, बदामाच्या पानांचा चुरा, असं सगळं थापून बसलेलं. खपल्या कशाच्या ते त्याला माहीत होतं. त्यानं मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आप्पा, त्याचे वडील, खुर्चीत बसले होते, रोज दुपारपासून बसतात तसे, तोंड बरोबर गाडीकडे. म्हणजे कागद लावताना त्यांनी पाहिलं असणार. वॉचमन खळीचा डबा घेऊन आला असेल, कागद पालथा धरून त्यानं खळ फासली असेल, मग काचेवर हातानं थोपटून बसवला असेल, आणि वरून आप्पांना हाक मारावीशी वाटली असेल. एवढा आवाज असलेला माणूस. ऐन कीर्तनात माइक बंद पडला तर पाचशे लोकांच्या मागच्या ओळीपर्यंत पोचणारा माणूस.

रावजीबुवा म्हणून तळा गावापासून मुरूडपर्यंत लोक त्यांना ओळखत. घरची भातशेती करायची आणि उरलेल्या दिवसांत गावोगाव कीर्तनं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. गेल्या वर्षी भात लावून झाल्यावर, गणपतीच्या आधी, एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तळ्याच्या घराला कुलूप लागलं; आई तर त्याआधीच गेलेली. आप्पा मुलाकडे अलिबागला आले ते कायमचेच, आणि मागोमाग त्यांची गाडीही आली, कारण तिला तिकडे ठेवून करणार काय. आठ महिन्यांत पाय थोडा परतला, उजवा गुडघा मात्र वाकेना. बोलण्यात पाचसात शब्द परत आले. हो. नको. बस. राहू दे. सुनेचं नाव, रुचिता, तेही अर्धंच. बाकीचे शब्द त्यांना दिसत असावेत असं प्रज्योतला वाटे. खाडीपलीकडे कोण उभं आहे ते ओळखायचा प्रयत्न करावा तसे ते डोळे बारीक करून समोर बघत, आणि मग हात हलवून सोडून देत. पण माघातल्या एका सकाळी रुचिता चहा गाळत होती आणि आतून गजर ऐकू आला. राम कृष्ण हरी. अख्खा, सुरात, एकही अक्षर न गळता. गाळणं तसंच हातात घेऊन ती धावली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं, बोलणं एका वाटेनं जातं आणि गाणं दुसऱ्या. रुचितानं देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच बसून रडली. प्रज्योतलाही आनंद झाला. खोटं कशाला, खूप झाला. पण त्या आनंदाच्या पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं त्याला वाटत राहिलं, आणि ते कोण हे कळायला पुढे दीड महिना लागला. मागच्या गुरुवारी हिरामणकाका आले तेव्हा ते कळलं.

हिरामणकाका म्हणजे आप्पांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणाऱ्यांतले सगळ्यांत जुने. मुरूडच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे चैत्रात सप्ता बसतो, सात दिवस देवळातला दिवा विझत नाही, वीणा खाली ठेवली जात नाही, आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होऊन दहीहंडी फुटते. हे काल्याचं कीर्तन एकतीस वर्षं आप्पांचं. गावाची रीत अशी की काला झाला की त्याच जागी, अंगावर दह्याचे शिंतोडे असतानाच, पुढच्या वर्षीचा नारळ बुवांच्या हातात ठेवायचा. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. तो फिरवता येत नाही, गावालाही नाही आणि बुवालाही नाही. गेल्या चैत्रात आप्पांनी तो घेतला होता. हिरामणकाका सांगत होते की गावात बसून विचार झाला, दुसरा बुवा आणायचं नाव कुणी काढलं नाही. बुवांनी नुसता गजर म्हणावा, जमलं तर एखादं चरण, न जमलं तर उभं राहून हात जोडावेत, काला आम्ही करू. आप्पांनी मान हलवली. नुसतं उभं राहून नव्हे, गाणार, असं त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवलं. काकांनी विचारलं, मग बुवा, मागं कोन? आप्पांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. दारात प्रज्योत उभा होता, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, बघू. गाडीनं घेऊन येतो हे नक्की, बाकी बघू. जिना उतरताना, लिफ्ट समोर असताना जिना उतरत, हिरामणकाकांनी त्याचा दंड धरला आणि एवढंच म्हणाले की बारा वरसं लय झाली रे पोरा.

म्हणून कागद हातात घेऊन तो शुक्रवारी वर आला आणि रुचितानं तो वाचला, तेव्हा दोघांच्याही मनात मंगळवार होता. काला मंगळवारी. त्यांच्या लहान गाडीत आप्पांचा न वाकणारा पाय मावत नाही, हे दवाखान्याच्या खेपांतून दोघांना चांगलंच कळलेलं. या जुन्या सातजणांच्या गाडीचं पुढचं आसन पार मागे सरकतं, दार रुंद, पायरी आहे. ती म्हणाली, काढाच आता बाहेर, धुवून पुसून. असल्या गाडीतून बुवा उतरलेले बरे दिसत नाहीत. मग भाजी निवडता निवडता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बघू म्हणालात ते आप्पांनी ऐकलंय. त्यांना बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं." तो हो म्हणाला. तिला तरी पूर्ण कुठे माहीत होतं. नवरा कीर्तनाला जायचा बंद झाला तो शिफ्टमुळे, असं तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक.

शनिवारी सकाळी मेकॅनिकनं बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली, आणि इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. प्रज्योत गाडी घेऊन बायपासवरच्या धनेशच्या दुकानात गेला. धनेश गाड्या चमकवायचं सामान विकतो, तिशीच्या आतला, बोलायला मोकळा. त्यानं बंपरवरची खपली नखानं उकरली, वास घेतला आणि विचारलं, "दादा, हे काय लावलंय? भज्यांचं तेल?" प्रज्योत म्हणाला, देवाचं. धनेश हसायचा थांबला. मग प्रज्योतला सांगावं लागलं. सात दिवसांच्या अखंड दिव्यात शेवटी तेल उरतं. ते फोडणीला घ्यायचं नाही, गटारात ओतायचं नाही. गावोगावची माणसं या उरलेल्या तेलाचं काय करावं म्हणून अडायची, तर आप्पांनी सांगून ठेवलं, बाटलीत भरून मला द्या. आणि ते तेल ते फडक्यानं गाडीच्या काळ्या भागाला लावायचे, दर एकादशीला, स्वतः, उकिडवे बसून. लावलं की दोन दिवस प्लास्टिक असं काळंभोर दिसे की नवीच गाडी. मग धूळ बसे. मग पुन्हा लावत. कुणी काही म्हटलं तर म्हणत, गाडी पण सेवाच करते ना, तिलाही दिव्याचं तेल लागू दे. धनेशनं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "तेलानं काळं दिसतं दादा, होत नाही. आधी हे सगळं काढा. थेंबभर राहिलं तरी हीट गनखाली धूर होईल." त्यानं तेलकटपणा काढायचं पाणी दिलं, कडक दातांचा ब्रश दिला, गरम हवा फेकणारी स्वतःची हीट गन दोन दिवसांसाठी दिली, आणि शिकवलं: प्लास्टिक कोरडं ठाक करा, गन वीतभर लांब धरा, हात फिरता ठेवा. गरम झालं की त्याच्या आतला काळेपणा आपोआप वर येतो. हात थांबला की संपलं, फोड येतो, तो कधी जात नाही.

दुपारी सोसायटीच्या नळाजवळ गाडी उभी करून तो कामाला बसला. उन्हाची धग होती, पण बदामाची सावली पुरत होती. पाणी फवारलं, पाच मिनिटं थांबला, ब्रश घासला आणि पहिली खपली सुटली तशी ओळखीचा वास उठला. जळल्या वातीचा, कापराचा, देवळातल्या ओल्या शहाबादीचा, सात दिवस एकाच जागी बसलेल्या माणसांचा. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. तो घासत राहिला. किती थर होते. वर अलिबागची धूळ, तिच्याखाली तळ्याची तांबडी, तिच्याखाली कुठल्या तरी सप्त्याची गुलालाची गुलाबी झाक, खरंच होती, बोटाला लागली. त्याला गाडीतली जागा आठवली, मधल्या रांगेत, खिडकीशी. पुढे आप्पा, मांडीवर पागोट्याची पिशवी. मागे मृदंग, त्याला माणसासारखी गादी. टाळकरी दाटीवाटीनं. आठव्या वर्षापासून तो आप्पांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिला. तेव्हा एसटीनं जात, मग उसन्या जीपनं, मग ही गाडी. आप्पांच्या कीर्तनात एक वेळ अशी येई की ऐकणाऱ्याला आपण बसलोय की उभे आहोत ते कळत नसे. आप्पा पूर्वार्धात कठीण बोलत, शास्त्राचं, म्हातारी माणसं पेंगायची. मग ते थांबत, उपरणं सारखं करत, आणि एकदम घरातलं बोलायला लागत, चुलीवरचं, गोठ्यातलं, आणि लोक असे जवळ सरकत जसे थंडीत शेकोटीशी. मृदंग चढे. टाळकरी मागून ओळ उचलत आणि तीच ओळ आप्पांकडे परत जाताना वेगळीच झालेली असे. मागे उभ्या असलेल्याला समोरचं काही दिसत नाही, फक्त बुवांची पाठ दिसते. पण त्या पाठीवरून सगळं कळतं. आप्पांची एक खूण होती. हजार ओळी तोंडपाठ असलेल्या माणसाचीही कधीतरी ओळ निसटते. तशी निसटली की ते मान डावीकडे अगदी थोडी वळवत, उपरणं सावरल्यासारखी, आणि प्रज्योत ओळ उचले. लोकांना वाटे, वा, मुलगा काय साथ करतो. हे त्या दोघांत होतं. हिरामणकाकांना माहीत असावं.

ब्रश दाराच्या पट्टीवरून चाकाच्या कमानीवर आला. बारा वर्षांपूर्वी हीच गाडी, हाच काला, हिरामणकाकांचं गाव. लग्न होऊन चार महिने झालेले. रुचिताच्या माहेरची माणसं पेणहून मुद्दाम व्याह्यांचं कीर्तन ऐकायला आलेली. देवळामागे गाडी लावली होती, आणि सगळे पोचतात तर तीन कुत्री बंपर चाटतायत. नुसती चाटत नाहीत, एकमेकांवर गुरगुरून चाटतायत. रुचिताचा भाऊ हसायला लागला, त्यानं मोबाइल काढून चित्रण केलं, सासरे तोंड फिरवून खोकले. प्रज्योत तेव्हा तीस वर्षांचा, नव्या नोकरीतला, नव्या बुटांतला. आप्पांना बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला होता की पुन्हा हे तेल लावलंत तर मी या गाडीत बसणार नाही, वास येतो, लाज वाटते. आप्पांनी पागोटं बांधलं आणि ते उभे राहिले. आणि पूर्वार्ध संपल्यावर, उपरणं सारखं करून, घरातलं बोलायला लागले. एक मुलगा होता म्हणे, शिकलेला. बापानं गाडीला देवाच्या दिव्याचं तेल लावलं तर म्हणतो वास येतो. अरे, बापाला वास येतो म्हण की सरळ. लोक असे हसले की मंडपाची कनात हलली. माना वळल्या, मुलगा कोण ते साऱ्या गावाला ठाऊक, मागेच तर उभा होता. दुसऱ्या रांगेत मेव्हणा मांडीवर थाप मारून हसत होता. रुचितानं पदर पुढे ओढून मान खाली घातली होती. मग आप्पांनी ते वळवलं, त्यांच्या सवयीप्रमाणे, हळूच, की आपणही त्या जगाच्या बापाच्या घरचेच, आणि चारचौघांत त्याचा वास अंगाला येतो म्हणून लाजतो; आणि हसणारे तेच लोक डोळे पुसायला लागले. कीर्तन म्हणून ते फार मोठं होतं. आज तो हे म्हणू शकत होता. त्या दिवशी त्याच्या कानात नुसतं हसणं होतं, टाळांच्या आवाजातही ते ऐकू येत होतं.

आणि वीसेक मिनिटांनी ओळ निसटली. काल्याच्या अगदी तोंडावर, मृदंग चढलेला असताना. आप्पांची मान डावीकडे वळली. ओळ प्रज्योतच्या जिभेवर होती. हे त्यानं नंतर कितीही वेळा वेगळं आठवायचा प्रयत्न केला तरी त्याला वेगळं आठवलं नाही: ओळ जिभेवर होती, टाळूला टेकलेली. त्यानं माइकच्या काठीकडे पाहिलं आणि टाळ वाजवत राहिला. मान पुन्हा वळली, यावेळी जरा जास्त, आणि त्याला आप्पांचा गाल दिसला, त्याच्यावरचा बुक्का घामानं ओघळलेला. त्याला वाटलं, आता कळू दे. काय कळू दे, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग हिरामणकाकांनी मोठ्यानं गजर उचलला, सगळे उठले, हंडी फुटली, आणि कुणाला काही कळलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत सातजण होते. आप्पांनी विचारलं नाही. त्या रात्रीही नाही, पुढेही नाही. पुढच्या आठवड्यात प्रज्योतनं शिफ्ट बदलल्याचं सांगितलं. त्यानंतरच्या वर्षी कुणीतरी पाठवलेल्या चित्रफितीत त्याला दिसलं की आप्पा डाव्या तळव्यात कागदाची घडी ठेवतात आणि उपरणं सावरताना ती बघतात. मागे मान वळवत नाहीत. श्रावणात दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचा गेली आहे, तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला होता आणि त्याच्या मनात आलं होतं, मी नेली. त्याला माहीत होतं की असं नसतं, रक्ताची गुठळी असते, नसा असतात. माहीत असून काय होतं. आता पुन्हा तेच देऊळ, तीच सकाळ, आणि आप्पांनी बोट केलं ते त्याच्याकडे. कागदाची घडी आता उपयोगाची नव्हती, अक्षर लागत नव्हतं. मान वळणार. पाचशे माणसांसमोर वळणार, आणि त्या मानेच्या मागे कोण असणार, एवढंच काय ते ठरायचं होतं. तिन्हीसांजेला शेवटची बादली ओतली तेव्हा गाडीच्या कडेकडेनं सगळं प्लास्टिक उघडं पडलं होतं, तेल नाही, खपली नाही, नुसतं पांढरट, भेगाळलेलं, उन्हानं खाल्लेलं. त्याला ते बघवेना. गॅलरीत आप्पा होते. त्यांचं तेल त्यांच्या डोळ्यांदेखत गटारात गेलं होतं आणि एकदा वर बघून विचारायचं त्याचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी आप्पांनीच खाली यायचा हट्ट धरला. रुचितानं लिफ्टनं आणलं, प्लास्टिकची खुर्ची सावलीत ठेवली, पाय लांब करून दिला, आणि ती वर पोळ्या करायला गेली. खुर्ची नेमकी प्रज्योतच्या पाठीशी आली. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढून त्यानं गन सुरू केली आणि पुढच्या चाकाच्या कमानीशी गुडघे टेकले. गरम हवेचा घोंघाट झाला. वीतभर लांब, हात फिरता. आधी काहीच झालं नाही. मग जिथून हवा फिरत गेली तिथून काळा रंग उगवत गेला, वरून काही न लावता, पाणी टाकल्यावर कोरड्या ढेकळाचा रंग बदलावा तसा; पण हे सुकत नव्हतं, राहत होतं. मागून आप्पांच्या तोंडून हुंकार आला. कीर्तनात दुसऱ्या बुवाचं चांगलं काही ऐकलं की यायचा तसला. प्रज्योतनं मागे पाहिलं नाही. कमान संपली, दाराची पट्टी आली. पाठीवर त्यांची नजर जाणवत होती आणि त्याला एकाएकी कळलं की आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे आहे आणि ते मागे. मागच्याला पाठीवरून सगळं कळतं. त्याचा हात थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. वास आला तेव्हा त्यानं दचकून गन बाजूला केली. पट्टीवर रुपयाएवढा फोड आला होता, चकचकीत, फुगलेला. त्यानं गन बंद केली. घोंघाट गेला आणि पाठीमागे आप्पांचा श्वास ऐकू आला, नीट, एकसारखा.

फोडाकडे बघतच तो बोलला. "आप्पा, त्या काल्याला तुम्ही मान वळवलीत ना. मला ओळ येत होती. मी मुद्दाम दिली नाही."

बदामाचं एक पान पडलं, मग दुसरं. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. त्याला वाटलं, त्यांना झोप लागली असेल, आणि असं वाटल्यावर जे हलकं वाटलं त्याची त्याला लाज वाटली. तो वळणार इतक्यात आप्पा म्हणाले, "ठाऊक."

हा शब्द आठ महिन्यांत आला नव्हता. प्रज्योत वळला. आप्पांचे डोळे बारीक झाले होते, समोर, दूर, खाडीपलीकडे, आणि डावा हात मांडीवर हळूहळू उघडत-मिटत होता, काहीतरी ओढून आणत असल्यासारखा. कपाळावर घाम आला. त्याला म्हणावंसं वाटलं, राहू द्या आप्पा. पण तो गप्प राहिला, आणि हे गप्प राहणं तसलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "मी." मग थांबले. मग, "हसवलं." बोट प्रज्योतच्या छातीकडे आलं, पोचलं नाही. "लोकांना. तुझ्यावर." आणि ओठ हलत राहिले, पुढचा शब्द काही आला नाही, त्यांनी हात हलवला, पण सोडून दिल्यासारखा नव्हे, एवढंच होतं असं सांगितल्यासारखा. बारा वर्षं. म्हणजे बारा वर्षं हे दोघांच्या घशात होतं, आणि प्रज्योतला वाटत होतं की एकट्याच्याच आहे. तळव्यातली ती कागदाची घडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याला आजवर वाटलं होतं, तो आपल्यावरचा अविश्वास. तसं नसेलही. कुणाकडे मान वळवायचा आपला हक्क गेला असं वाटलेला माणूसही तशी घडी ठेवील.

तो उठला, खुर्चीशी बसला, आणि काय करावं ते न सुचून त्यानं आप्पांचा न वाकणारा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि चेपायला लागला. त्याची बोटं काळी होती, धोतराला डाग पडले. आप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, तेल सगळं काढलं, चाललं ना? आप्पांनी दाराच्या काळ्या पट्टीकडे पाहिलं, मग फोडाकडे, बराच वेळ फोडाकडे, आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. हसले. त्यांना आवाज न करता हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं हिरामणकाकांना फोन लावला, तिथेच बसून, पाय मांडीवर तसाच ठेवून. मंडपात असावेत, पाठीमागे कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं, एक, दोन, एक, दोन. प्रज्योत म्हणाला की मंगळवारी सकाळी आप्पांना घेऊन येतो. गाडी आता बरी दिसते आहे. काका ऐकत होते, मधे हूं हूं करत. मग तो म्हणाला, "काका, मागं मी उभा राहतो." पलीकडे हूं आलं नाही. "पण एक सांगतो. बारा वर्षं टाळ हातात नाही. आप्पांची ओळ गेली तर मला आठवेलच असं नाही. मला भीती वाटते. लोकांसमोर त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडेही काही नसलं तर?"

हिरामणकाकांनी फोन तोंडापासून लांब नेऊन कुणाला तरी माइक बंद करायला सांगितलं. मग त्यांचा आवाज जवळ आला, अगदी कानाशी.

"न्हाई आठवली तर न्हाई आठवली," ते म्हणाले. "बाप-लेक मिळून गप र्‍हावा. आमी हाव की टाळ वाजवाया."